सासूबाई शांत झाल्या

गेल्या भाद्रपदात माझ्या सासूबाईंची अंत्ययात्रा लातूरहून निघून मुखेडच्या बाजूला गेली, तेव्हा त्या स्वतः आत बसून भजन ऐकत होत्या आणि त्यांची प्रकृती उत्तम होती. त्या यात्रेचे सारथ्य मी केले. अंत्ययात्रा निघाली आहे हे वाटेतल्या सर्वांना ठाऊक होते; ठाऊक नव्हते ते फक्त मला. (सासूबाईंना शेवटच्या टप्प्यात कळले. त्यांनी मला सांगितले नाही. त्यांचे म्हणणे, मी विचारले नाही!)

मी महाविद्यालयात मराठीचे व्याकरण शिकवून निवृत्त झालो. स्वभावाने भिडस्त. मागच्या बाकावरची मुले झोपलेली असली, तर त्यांची झोप मोडू नये अशा आवाजात मी कर्मणी प्रयोग समजावून सांगत असे. मोटार चालवायला शिकलो तो निवृत्तीनंतर. परवाना हाती आला त्या दिवशी शिकवणाऱ्या गृहस्थांनी मला शुभेच्छा न देता माझ्या गाडीच्या बॉनेटवरून मायेने हात फिरवला. अशा माणसाने भर पावसात जीपच्या मागे एक चाकांचे घर बांधून निघावे, याला कारण एक विशेषण होते. ते विशेषण म्हणजे ‘विकतचं’.

सासूबाईंना सगळे आक्का म्हणतात. त्यांची धाकटी बहीण कौसामावशी मुखेडच्या अलीकडे एका लहानशा गावात राहते. आमच्या मुलीच्या लग्नात पंगत बसली होती, येसराची आमटी वाढून झाली होती. (धान्ये नि डाळी भाजून, मसाल्यात कुटून येसर करतात, त्याची आमटी पंगतीत नसेल, तर लग्न लागले असे आमच्याकडे कोणी मनापासून मानत नाही.) कौसामावशींनी वाटी ओठाला लावली आणि शेजारणीला हळूच म्हणाल्या, “आक्काचं येसर विकतचं वाटायलंय.”

हळूच म्हणाल्या, पण तेवढ्यात सनईवाला दम घ्यायला थांबला होता.

तेव्हापासून दोघी बहिणी बोलत नव्हत्या. सणावाराला नाही, सुखदुःखाला नाही. आणि मग भाद्रपदात बातमी आली, की कौसामावशी अंगणात घसरून पडल्या, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, आता खाटेवर आहेत आणि जेवण जात नाही. सासूबाईंनी बातमी ऐकून घेतली, चष्मा पुसला आणि खलबत्ता काढला. दोन दिवस घरभर धणे-खोबऱ्याचा वास दरवळत होता. तिसऱ्या दिवशी पितळी डबा मांडीवर घेऊन त्या माझ्यासमोर बसल्या.

“जावईबापू, कौसाकडं जायचंय. ती मरायच्या आधी तिला माझं येसर खाऊ घालते. मग खुशाल मरू दे.”

“जाऊ या की, आई.”

“पण तिच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकणार न्हाई. तिच्या छताखाली निजणार न्हाई. तिच्या घरचं पाणी न्हाई, विस्तव न्हाई.”

“मग हे जमायचे कसे?”

“तुम्ही शिकलेले. तुम्ही सांगा.”

मी विचारात पडलो. (माझ्या घरात यालाच ‘हे काही करत नाहीत’ असे म्हणतात.) शेवटी माझी पत्नी सुनंदाच म्हणाली, “अहो, अशोककडे तो डबा पडून आहे ना!”

अशोक माझा चुलत मेहुणा. लातुरात त्याचा पत्र्याच्या गाड्या बनवण्याचा कारखाना आहे. भजीपासून चायनीजपर्यंत सर्व पदार्थांची घरे तो बांधतो. कुणा हौशी गिऱ्हाइकासाठी त्याने एक कॅराव्हॅन बांधायला घेतली होती. गिऱ्हाईक फिरकले नाही. आत झोपायला फळी, शेगडी ठेवायला कट्टा, बाजूला एक खिडकी. बाहेरून सगळा पांढराशुभ्र पत्रा. तो आजवर फक्त छपरावर बसणाऱ्या कावळ्यांनी पसंत केलेला डबा जीपला जोडताना अशोक म्हणाला, “दाजी, पितृपंधरवडा चालूय. ह्या दिवसांत कुणी नवी वस्तू बाहेर काढत नाही.” मग स्वतःच्याच बोलण्याचा दोष काढावा म्हणून त्याने नारळ फोडला, डब्यावर गुलाल उधळला आणि झेंडूचे दोन जाड हार घातले. “आणखी एक. दाराला आतून कडी बसवायची राहिलीय. बाहेरूनच लागते. आत माणूस बसवू नका.”

“छे, छे!” मी म्हणालो.

ठरले असे, की सुनंदाने एसटीने पुढे जाऊन मावशींचे मन वळवावे आणि मी सासूबाईंना घेऊन मागून यावे. डबा मावशींच्या अंगणात उभा राहील. सासूबाई स्वतःच्या छताखाली, स्वतःचे पाणी पीत, स्वतःच्या शेगडीवर आमटी करतील. शपथ मोडणार नाही आणि बहिणी भेटतील. निघताना सुनंदा म्हणाली, “वाटेत कुणाशी जास्त बोलत बसू नका.” मी कधीच कुणाशी जास्त बोलत नाही. दुर्दैवाने त्या दिवशी मी कमी बोललो.

राहता राहिला विस्तव. काडेपेटी हा सासूबाईंच्या मते विस्तव नव्हे. शिवाय पावसाळ्यात गोवऱ्या सादळतात, लवकर पेट घेत नाहीत. म्हणून त्यांनी घरच्या चुलीतला निखारा राखेत पुरून एका काळ्या मडक्यात घेतला आणि मडके सुतळीच्या शिंक्यात घालून जीपमध्ये स्वतःच्या डोक्यावरच्या दांड्याला टांगले. आपण काय टांगले आहे आणि असे मडके कुणाच्या पुढे नेतात, हे आम्हा दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आले नाही. त्या येसराच्या विचारात होत्या आणि मी गिअरच्या!

चाकूरच्या अलीकडे पाऊस लागला. एका वळणावर समोरून मालमोटार आली, मी गांगरून जीप मागे घेऊ लागलो, आणि तेव्हा मला कळले, की मागे जोडलेली वस्तू डावीकडे न्यायची तर चाक उजवीकडे फिरवावे लागते. सर्व आयुष्य नियम शिकवण्यात घालवलेल्या माणसाला हा अपवाद ऐन वेळी भेटला. डबा आडवा, जीप तिरपी, आणि मालमोटार आमच्या आरशाला चाटून गेली.

सासूबाईंनी डोळे उघडले. “जावईबापू, थांबवा. मी मागं बसते.”

“पण आई, अशोक म्हणाला…”

“तुमच्या शेजारी बसून रस्ता बघण्यापेक्षा मागं बसलेलं बरं. मरायचंच असंल तर निदान दिसणार तरी न्हाई!”

त्या पुष्कळ बोलल्या. माझ्या पदवीपासून माझ्या वडिलांपर्यंत सगळे त्यात आले. मी त्यांना डब्यात चढवले, फळीवर गोधडी अंथरली, भजन ऐकायला माझा मोबाईल लावून दिला, येसराचा डबा हाती दिला. ठोठावण्याच्या खुणाही ठरल्या: एकदा ठोठावले तर थांबा, दोनदा तर चला. मग बाहेरून कडी घातली. थोड्याच वेळात आतून टाळ-मृदंगाचा मंद आवाज येऊ लागला. मी सुटकेचा श्वास टाकला. पावसात सदरा चिंब झाला होता. तो काढून मी पांढरा पंचा अंगावर घेतला. डोक्यावर केस नाहीत, ते निसर्गतः.

पुढे हमरस्त्याला एक टपरीवजा हॉटेल होते. मी चहाला थांबलो. मालक पंचावन्नच्या आसपासचा, खांद्यावर फडके. त्याने माझ्याकडे पाहिले. जीपमध्ये लोंबकळणाऱ्या, धुमसणाऱ्या मडक्याकडे पाहिले. मग मागच्या पांढऱ्या डब्याकडे, हारांकडे, पावसाने ओघळलेल्या गुलालाकडे. त्याने हात लांबवून रेडिओ बंद केला.

“साहेब… मागं कोन?”

“सासूबाई आहेत.”

“अरारा.” तो माझ्यासमोर बसला. “लई तरास झाला का?”

त्याला कसे कळले, याचे मला नवल वाटले. पण त्या स्वरात इतकी सहानुभूती होती, की मी खरे ते सांगितले. “सकाळपासून फारच झाला. पण आत्ताच, अर्ध्या तासापूर्वी, शांत झाल्या.”

“वय?”

“अठ्ठ्याहत्तर.”

“सोनं झालं म्हनायचं.” त्याने खांद्यावरचे फडके काढून हातात घेतले. “कुठं न्यायलाव?”

“त्यांच्या बहिणीच्या गावी. त्यांचीच तशी इच्छा. कौसाबाई म्हणून आहेत, पाय मोडलेल्या…”

“कौसाबाई? आमच्या चुलतभावाची सासुरवाडी हाय की त्या गावात! त्यांना कळवलंय का न्हाई?”

“पत्नी पुढे गेली आहे. पण एकदम सांगायचे नाही, हळूहळू मनाची तयारी करून सांगायचे, असे ठरले आहे.”

“बराबर. धक्का बसतो.” तो उठला. “तुमी फिकीर करू नगा साहेब. मी बघतो.”

चहाचे पैसे त्याने घेतले नाहीत. “अशा वक्ताला न्हाई घेत,” एवढेच म्हणाला आणि हात जोडून जीपपर्यंत आला. आपल्या भागातील माणसे वयोवृद्धांचा किती मान ठेवतात, या विचाराने मला भरून आले. इतके, की गाडी सुरू करताना मी पहिल्याऐवजी तिसरा गिअर टाकला.

तेथून पुढे मात्र काहीतरी बदलले.

पाऊस मंदावला होता, पण दिवस मावळायच्या आधीच उजेड ओसरला. सोयाबीनच्या शेतांवर धुके उतरू लागले. एक गुराखी रस्त्याच्या कडेने चालला होता. त्याने जीप पाहिली, थांबला, डोक्यावरचे पोते काढले आणि मान खाली घातली. पुढच्या फाट्यावर एसटीची वाट पाहणाऱ्या बाया बोलत होत्या, हसत होत्या. मी जवळ येताच त्यांचे हसणे कापल्यासारखे तुटले. पदर पुढे आले. एकीने लेकराचे तोंड आपल्या कुशीत वळवले. मला पाहून आजवर कुणी लेकराचे तोंड वळवले नव्हते!

मागून एक मोटारसायकल आली. मी सवयीने बाजूला झालो, पुढे जायला हात दाखवला. ती पुढे गेली नाही. मागे दुसरी आली, तीही गेली नाही. आरशात पाहिले, तर पांढरा डबा डुलत येत होता, हार हेलकावे घेत होते, आणि त्याच्यामागे धुक्यात चार-पाच पिवळे दिवे संथपणे तरंगत येत होते. हॉर्न नाही, आवाज नाही. डब्यातून टाळ वाजत होते. शेजारी मडके धुमसत होते. खड्डा आला, की आतला निखारा लाल डोळा उघडी आणि पुन्हा मिटी.

मी एका म्हाताऱ्याला मुद्दाम हाक दिली. “नमस्कार! रस्ता बरोबर आहे ना?”

त्याने उत्तर दिले नाही. हात जोडले, खाली पाहिले, आणि गाडी निघून जाईपर्यंत वर पाहिलेच नाही.

आणि तेव्हा माझ्या मनात तो विचार आला. चाकूरच्या अलीकडची ती मालमोटार. आरशाला चाटून गेली असे मला वाटले होते. पण ती खरोखर नुसती चाटून गेली होती का? मी थांबून तपासले कुठे होते? लोक मला पाहून गप्प होत होते, नमस्काराला उत्तर देत नव्हते, चहाचे पैसे घेत नव्हते. (मेलेल्या माणसाकडून पैसे घेत नसावेत, हे मला तर्काला धरून वाटले.) मी स्वतःला चिमटा काढला. थंडीने अंग बधिर झाले होते; काहीच कळले नाही. मी रामरक्षा म्हणू लागलो आणि निम्म्यात विसरलो. सासूबाई मागे जिवंत आणि आपण पुढे असे, तर त्या आपल्याला किती बोलतील, या कल्पनेने माझ्या कपाळाला घाम फुटला. घाम आला म्हणून जरा धीर आला.

मावशींचे गाव दिसण्याच्या टप्प्यात आले आणि रस्ता संपला. पुलाचे काम चालू होते. शेतातून कच्चा वळणरस्ता काढला होता. काळी माती, वर दिवसभराचा पाऊस. जीप पंचवीस पावले गेली आणि बसली. डबा तिच्यामागे एका अंगावर झुकला. मडके शिंक्यातून निसटते आहे असे पाहून मी ते झटकन दोन्ही हातांनी धरले आणि खाली उतरलो. पहिल्या पावलाला उजवी चप्पल चिखलाने घेतली, दुसऱ्याला डावी. असा मी अनवाणी, तुळतुळीत डोक्याचा, पांढरा पंचा पांघरलेला, हातात धुमसते मडके घेऊन, हार घातलेल्या डब्याच्या पुढे उभा राहिलो.

मोटारसायकली थांबल्या. धुक्यातून माणसे आली. सगळ्यांत पुढे एक आबा होते, अंगावर घोंगडे, भुवया पांढऱ्या. मी मडके एका हातात घेऊन दुसऱ्या हाताने डबा ढकलू लागलो, तसे ते पुढे झाले.

“तुमी न्हाई. तुमी हात लावायचा न्हाई. तुमच्या हातात विस्तव हाय. तुमी म्होरं व्हा.”

“आपल्याला फार त्रास होतो आहे. पण चौघांनी जरा खांदा दिला तर…”

“देनारच की, बाबा. हे काय सांगावं लागतं? चला रे, द्या खांदा!”

जीपपासून डबा सोडवला. चौघांनी चार कोपरे धरले, बाकीचे बाजूंना लागले. डबा हलेना. पुन्हा जोर लावला. हलेना. चिखलाने चाके गिळली होती. आणि त्या शांततेत आतून, स्पष्टपणे, आवाज आला.

ठक. ठक.

माणसे मागे सरली. एकाच्या तोंडून दबका चीत्कार बाहेर पडला. मी मनात म्हणालो, दोनदा म्हणजे ‘चला’, बरोबरच आहे. आबा मात्र माझ्या कानाशी आले.

“म्हातारीची काय विच्छा राहिली का?”

“हो. एकच. बहिणीला भेटायचे. तेवढे झाले, की त्या सुटल्या.”

आबांनी मान हलवली. घोंगड्यातून हात काढून डब्याच्या पत्र्यावर ठेवला आणि आतल्या बाजूला तोंड करून, लेकीला सांगावे तसे म्हणाले, “आक्का, तुझ्या भयनीकडंच न्हेतो गं तुला. जड हू नगंस.”

क्षणभर काहीच झाले नाही. मग डबा आतून सरकल्यासारखा हलला, रुतलेले चाक वर आले, आणि पुढच्याच रेट्याला तो अख्खा चिखलातून असा निघाला, जणू तो कधी बसलाच नव्हता.

माझ्या मानेवर नसलेले केस उभे राहिले.

“गाव म्होरंच हाय,” आबा म्हणाले. “आता गाडी नगं. हातानंच नेऊ.”

नको म्हणायला हवे होते. पण ती माणसे चिखलात उभी होती, पावसात भिजली होती, आणि मला भीड पडली. मी मडके घेऊन पुढे चालू लागलो. मागे डबा, त्याच्यामागे दिवे. वेशीपाशी कुत्री भुंकायची थांबली. घराघरांतून माणसे बाहेर येऊन उभी राहत होती. आणि मग, मावशींच्या गल्लीच्या तोंडाशी, बायकांच्या रडण्याचा आवाज ऐकू आला.

माझे पाय थांबले. सगळे कोडे एकदम उलगडले! ते गप्प लोक, ते हात जोडणे, ‘अशा वक्ताला’. आम्हाला उशीर झाला होता. कौसामावशी गेल्या होत्या. सगळ्या वाटेवर ही बातमी पसरली होती आणि एका परक्या माणसाला ती सांगायचा कुणाला धीर झाला नव्हता. मागे येसराचा डबा मांडीवर घेऊन बसलेल्या त्या म्हातारीला मी आता काय सांगणार होतो? वर्षानुवर्षे एका विशेषणावर बसून राहिलेल्या दोन बहिणी, आणि आता अंगण हाकेच्या अंतरावर असताना… माझे डोळे भरून आले. मडक्यातला धूरही होता, पण मुख्यतः ते रडणेच होते.

गर्दीतून सुनंदा धावत आली. केस सुटलेले, आवाज बसलेला.

“अहो! असं कसं झालं हो? फोन तरी उचलायचात! सकाळी तर धडधाकट होती!”

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. “धीर धर, सुनंदा. आईंना मी अजून काहीच सांगितलेले नाही.”

सुनंदाचे रडणे थांबले. “कुणाला सांगितलं नाही?”

“आईंना.”

“आई कुठंय?”

“मागे. भजन ऐकताहेत. फोन त्यांच्याकडेच आहे.”

त्या क्षणी गल्लीत जी शांतता पडली, तशी मी वर्गात जन्मभर मागितली होती आणि मला कधी मिळाली नव्हती. आणि त्या शांततेत ओसरीवरच्या खाटेवरून एक थरथरता सूर उठला.

“आक्का गं! न्हवतं गं ते विकतचं! तुझ्याच हातचं होतं! मीच मेली जळत हुते!”

कौसामावशी जिवंत होत्या. मी ओसरीकडे पाहिले. मग सुनंदाकडे. मावशी रडत आहेत, तर मग गेले कोण? मग मी माझ्या अनवाणी पायांकडे पाहिले, पंच्याकडे पाहिले, आणि सगळ्यात शेवटी, अगदी सावकाश, हातातल्या मडक्याकडे पाहिले.

ठक, असे पत्र्यावर वाजले.

“कौसा,” डब्याच्या खिडकीतून आवाज आला, “पुन्हा म्हण. मोठ्यानं म्हण.”

डबा धरलेल्या चौघांपैकी दोघे होते तिथून नाहीसे झाले. सुनंदा मटकन खाली बसली. आबांनी घोंगडे डोक्यावरून घेतले. एकट्या कौसामावशी तेवढ्या घाबरल्या नाहीत. धाकट्या बहिणीला थोरलीचा आवाज ओळखता येतो, मग तो कुठूनही येवो.

“आक्का? तू मेलीस ना?”

“मेलीच समज. पण आधी म्हण. तवा चारचौघींत म्हणाली हुतीस.”

“मग हितं सारं गाव हाय की!”

“म्हणूनच म्हण.”

“न्हवतं विकतचं!” मावशी खाटेची दोरी धरून अर्ध्या उठल्या आणि सगळ्या गल्लीला ओरडून म्हणाल्या. “आक्काच्या हातचं होतं! मला तसं जमंना म्हणून मी बोलले! झालं समाधान? आता आत ये.”

“उंबऱ्याच्या आत येणार न्हाई म्हणलंय मी.”

“मेल्यावर बी हट्ट सोडंना ही बया! आबा, उचला माझी खाट. ती येत न्हाई तर मीच जाते.”

गेलेले दोघे परत आले, आणखी दोघे मिळाले, चौघांनी खाटेला खांदा दिला. जिवंत मावशींना उचलून मेलेल्या आक्कांच्या भेटीला नेले. कडी मीच काढली, कारण दाराला हात लावायला दुसरे कोणी धजेना. सासूबाई गोधडी सावरत पायरीवर येऊन बसल्या, आपला हात खाटेवर ठेवला आणि पहिले वाक्य म्हणाल्या, “किती वाळलीस गं.” मग दोघी ज्या रडल्या, त्यापुढे मघाचे रडणे म्हणजे तालीम होती.

मी सासूबाईंना नंतर विचारले, “आई, तुम्हाला कळले होते, तर बोलला का नाही?”

“चिखलातच कळलं. पहिल्यांदा राग आला. पण मग वाटलं, मेल्यावर आपल्याबद्दल कोण काय बोलतंय ते ऐकायला कुणाला मिळतं? आणि ते आबा इतक्या मायेनं ‘जड हू नगंस’ म्हणाले, मग मी उठून जरा पुढं सरकून बसले. इतक्या मायेनं मला कुणी काही सांगितलं त्याला जमाना झाला.” एवढे बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिले. ती नजर मला समजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मडक्यातल्या निखाऱ्यावर शेगडी पेटली. सगळ्या गल्लीने येसराचा वास घेतला. सासूबाईंनी भातावर आमटी वाढून पान निवायला डब्याच्या पायरीवर ठेवले आणि मावशींना टेकवून बसवायला वळल्या. तेवढ्यात छपरावरून एक कावळा उतरला, पानात चोच मारून शीत घेऊन उडाला.

समोरच्या ओट्यावर आबा बसले होते. त्यांनी हात जोडले.

“शिवला,” ते समाधानाने म्हणाले. “विच्छा पुरी झाली. आता खऱ्या शांत झाल्या.”

“शांत कसल्या!” मावशी हातातल्या वाटीतून आमटीचा घोट घेऊन म्हणाल्या. “मीठ कमी हाय, आक्का.”

माणूस मेल्याची खोटी बातमी उठली, की त्याचे आयुष्य वाढते, असे म्हणतात. सासूबाईंच्या बाबतीत ते सर्वांनी मान्य केले आहे आणि त्याचे श्रेय सुनंदा सोडून सगळे मला देतात. तिने मला एक ताकीद देऊन ठेवली आहे, आणि मी ती पाळतो. डबा आता आमच्या अंगणात आहे, दाराला आतून कडी बसली आहे आणि सासूबाई दुपारच्या त्यातच पडतात. शेजारी कुंपणावरून विचारतात, “आक्का कुठं दिसत नाहीत त्या?” आणि जन्मभर ज्याने विद्यार्थ्यांना थोडक्यात उत्तरे लिहायला शिकवले, तो मी स्पष्ट, खणखणीत आवाजात सांगतो: “त्या डाव्या कुशीवर झोपल्या आहेत, श्वास चालू आहे, घोरण्याचा आवाज इथपर्यंत येतो आहे, चार वाजता उठून चहा घेतील, आणि त्यानंतर मला बोलतील.”